चिनी राशीचे अनोळखी नाणे हाती आले, तर ओळख कशी पटवावी?

कोणीतरी सिंगापूरहून येताना भेट म्हणून आणलेले असते, आजोबांच्या ट्रंकेच्या तळाशी एखादा जड गोल तुकडा निघतो, किंवा मुंबईच्या चोरबाजारात पितळी वस्तूंच्या ढिगातून मधोमध चौकोनी भोक असलेले, भोवती बारा प्राणी कोरलेले एखादे नाणे हाताला लागते. अशा वेळी बहुतेक नवखे आधी प्राणी ओळखतात, मग फोनवर त्या प्राण्याचे नाव घालून शोध घेतात आणि समोर आलेल्या लाखांच्या आकड्यांनी हरखून जातात. माझ्या मते या वस्तूवरचा प्राणी सर्वांत ठळक असला, तरी ओळख पटवण्यासाठी त्याचा उपयोग सर्वांत कमी होतो. ड्रॅगनची नाणी चीनने काढली तशी हाँगकाँगने, मकावने, सिंगापूरने, ऑस्ट्रेलियाने आणि ब्रिटननेही काढली. शिवाय कोणत्याही सरकारचा संबंध नसलेल्या खासगी कारखान्यांनी काढलेल्या पदकांना तर गणतीच नाही. म्हणून पुढे दिलेला क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी वजन आणि घडण पाहावी, मग अक्षरे, मग साल, आणि प्राणी शेवटी.

एक खुलासा आधीच करून ठेवतो. आपण सवयीने ‘चिनी राशी’ म्हणतो, पण आपल्या मेष-वृषभाप्रमाणे या राशी महिन्यांच्या नाहीत, त्या वर्षांच्या आहेत. उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बोकड, माकड, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर असा बारा वर्षांचा तो फेरा आहे. या यादीत पांडा नाही, मासा नाही, फिनिक्स पक्षीही नाही. पांडाचे चांदीचे नाणे ‘राशीचे’ म्हणून विकायला काढलेले मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. पांडाची मालिका चीनने १९८२ साली सुरू केली, ती स्वतंत्र आहे आणि राशींशी तिचा संबंध नाही.

पहिले काम: घासू नका

चांदीची भांडी रांगोळीने घासायची आणि तांब्या-पितळेची चिंचेने, हे आपल्या हाडीमाशी खिळलेले आहे. माझ्याकडे आलेले पहिले चांदीचे राशिनाणे मी असेच रांगोळीने घासून ‘स्वच्छ’ केले होते. ते प्रूफ पद्धतीचे होते, म्हणजे त्याची पार्श्वभूमी आरशासारखी गुळगुळीत आणि चित्र दुधी रंगाचे होते. दोन मिनिटांनी पाहिले तर आरशावर केसांएवढ्या बारीक असंख्य रेघा उठल्या होत्या आणि दिव्याखाली तिरके धरले की त्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या चमकत होत्या. त्या कधीच निघत नाहीत. नाणे काळे पडलेले असो, हिरवट असो, त्याला कडेने धरावे, खाली मऊ कापड अंथरावे, आणि प्लॅस्टिकच्या बंद डबीत असेल तर डबीतून काढूही नये. सोबत आलेली पेटी, प्रमाणपत्र, एखादी चिठ्ठी, यांतले काहीही फेकू नये. पुष्कळदा ओळखीचा निम्मा भाग त्या कागदावरच असतो.

त्यानंतर दोन्ही बाजूंचे आणि कडेचे स्वच्छ उजेडात फोटो काढावेत, व्हर्नियर कॅलिपरने व्यास आणि जाडी मोजावी, आणि ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर वजन करावे. असा काटा घरी नसेल तर ओळखीचा सराफ क्षणात वजन करून देतो. फक्त त्याला कस लावू देऊ नका, कसोटीच्या दगडावर ओढलेली रेघ नाण्याच्या कडेचा घास घेऊनच उमटते.

ओतलेले की पाडलेले?

चीनमध्ये दोन हजार वर्षांहून अधिक काळ नाणी साच्यात धातू ओतून बनवत असत. दोन ठशांच्या मध्ये चकती ठेवून यंत्राच्या दाबाने नाणी पाडण्याची पद्धत तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली. म्हणून हातातील वस्तू ओतीव आहे की ठशाने पाडलेली, हे कळले की शोधाचे क्षेत्र एकदम आटोक्यात येते. ओतीव तुकड्याचा पृष्ठभाग भिंगाखाली किंचित रवाळ दिसतो, हवेच्या बुडबुड्यांचे खड्डे आढळतात, कडेवर कानशीचे ओरखडे असतात आणि अक्षरांच्या कडा गोलसर असतात. पाडलेल्या नाण्याची अक्षरे धारदार उठतात आणि पार्श्वभूमी सपाट, तुळतुळीत असते.

मधोमध चौकोनी किंवा गोल भोक असलेली, एका बाजूला वर्तुळात बारा प्राणी असलेली वस्तू असेल, तर ती बहुधा नाणे नसून ताईत आहे. चीनमध्ये अशा ताईत-नाण्यांची परंपरा फार जुनी आहे. ती व्यवहारात खर्च करण्यासाठी नव्हती, अंगावर किंवा घरात बाळगण्यासाठी होती. प्राण्यांच्या जोडीला बारा चिनी अक्षरे दिसतात, ती त्या वर्षांची जुनी नावे, म्हणजे ज्यांना ‘शाखा’ म्हणतात ती चिन्हे होत. मागच्या बाजूस तीन-तीन रेघांच्या आठ चिन्हांचे वर्तुळ असते, किंवा एखादा देवतासदृश पुरुष, किंवा संरक्षणाचा मंत्र. नवख्याने इथे एक गोष्ट मनाशी पक्की धरावी: यातील बहुसंख्य तुकडे अलीकडचे असतात. फेंगशुईच्या लाटेबरोबर लाल दोऱ्यात बांधलेली तीन चिनी नाणी आपल्याकडे पाकिटापाकिटांत पोहोचली, त्यांचाच हा भाऊबंद. हिरवा गंज खरा असेल तर तो धातूत मुरलेला आणि कठीण असतो. रंगवलेला असेल तर ओल्या कापसाच्या बोळ्याने कडेवर हलकेच पुसताच बोळा हिरवा होतो. घासू नका असे वर सांगितले, त्याला हा एवढाच अपवाद, आणि तोही ज्या ताईताबद्दल मुळातच शंका आहे त्याच्यापुरता.

अक्षरे: चिनी येत नसले तरी चालते

आता नाण्याची दर्शनी मूल्य असलेली बाजू शोधा. आकडा आणि चलनाचे नाव असेल, आणि काढणाऱ्या देशाचे किंवा बँकेचे नाव असेल, तर ते नाणे. यांपैकी काहीच नसेल तर ते पदक, मग त्यावरचे नक्षीकाम कितीही सुबक असो. टांकसाळींनीही उत्तम पदके काढली आहेत, त्यामुळे पदक म्हणजे भिकार असे मुळीच नाही. पण त्याची किंमत धातू आणि मागणी यांवर ठरते, आणि त्याची नोंद नाण्यांच्या यादीत शोधून हाती काही लागत नाही.

रोमन अक्षरे असतील तर काम सोपे होते. राणी एलिझाबेथचे मुख असेल तर नाणे ब्रिटनचेच असे धरून चालू नका, तिच्या मस्तकाभोवतीचे देशाचे नाव वाचा. तिथे हाँगकाँग असेल, ऑस्ट्रेलिया असेल, किंवा तुवालू आणि निउए यांसारखी पॅसिफिकमधील चिमुकली बेटे असतील. हाँगकाँगने १९७६ च्या ड्रॅगनपासून १९८७ च्या सशापर्यंत दर वर्षी एक हजार डॉलरचे सोन्याचे नाणे काढले. ते २२ कॅरटचे असून वजन सुमारे १५.९८ ग्रॅम आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ टांकसाळीची सोन्याची पहिली मालिका १९९६ ते २००७, दुसरी २००८ ते २०१९, आणि तिसरी २०२० पासून सुरू आहे. एक औंसाच्या चांदीच्या नाण्यात पहिल्या मालिकेचा व्यास ४०.६ मिलिमीटर, तर दुसरीचा ४५.६ मिलिमीटर आहे, म्हणजे नुसत्या कॅलिपरनेही मालिका सांगता येते. ब्रिटनच्या रॉयल मिंटने आपली मालिका २०१४ च्या घोड्यापासून सुरू केली, आणि त्याच वर्षी तिथे एक गमतीदार चूक झाली: घोड्याच्या काही चांदीच्या नाण्यांना ‘ब्रिटानिया’ या तिथल्याच दुसऱ्या नाण्याच्या राणीच्या बाजूचा ठसा लागला. अशा बेमेळ जोडीच्या नाण्याला संग्राहक ‘म्यूल’, म्हणजे खेचर म्हणतात. घोड्याच्या वर्षी खेचर निघावे, हा योग टांकसाळीने ठरवूनही साधला नसता.

आपल्याकडच्या वाचकाला हमखास उपयोगी पडणारी खूण म्हणजे तमिळ अक्षरे. चिनी प्राण्याच्या नाण्यावर चिनी, रोमन आणि तमिळ अशी अक्षरे एकत्र दिसली की ते सिंगापूरचे, कारण तिथे देशाचे नाव चार भाषांत लिहितात.

केवळ चिनी अक्षरे असतील तर ती वाचण्याऐवजी मोजावीत. चीनच्या साम्यवादी प्रजासत्ताकाचे पूर्ण नाव सात अक्षरांचे आहे, तेथील मध्यवर्ती बँकेचे सहा अक्षरांचे, आणि तैवानच्या नाण्यांवरील ‘चीनचे प्रजासत्ताक’ हे नाव चार अक्षरांचे. तिन्हींचे पहिले अक्षर एकच, आणि ते ओळखायला फारच सोपे: आडव्या चौकटीला मधोमध आरपार छेदणारी उभी रेघ. हे अक्षर सापडले की तिथून पुढे मोजत जावे. दुसरी खूण घोड्याच्या अक्षराची आहे. जुन्या लिपीत त्याच्या पायाशी चार ठिपके असतात, चीनमध्ये १९५० च्या दशकात लिपी सुलभ केल्यावर त्या जागी एक आडवी रेघ आली. ठिपके असतील तर तैवान, हाँगकाँग, मकाव किंवा जुना ताईत यांच्याकडे कल धरावा. कल म्हणतो, निर्णय नव्हे, कारण सुलेखनात चीनमध्येही जुनी अक्षरे वापरतात. फोनवरील कॅमेऱ्याने भाषांतर करणारी सोय वापरायला हरकत नाही, मात्र नाणे सरळ धरले आहे याची खात्री हवी. उलटे धरलेल्या नाण्याचे ती सोय बिनदिक्कत काहीही भाषांतर करते.

साल आणि बाराचा भागाकार

नाण्यावर इसवी सन असेल तर त्याला १२ ने भागावे आणि बाकी पाहावी. बाकी ४ म्हणजे उंदीर, ५ बैल, ६ वाघ, ७ ससा, ८ ड्रॅगन, ९ साप, १० घोडा, ११ बोकड, ० माकड, १ कोंबडा, २ कुत्रा आणि ३ डुक्कर. २०२४ ला भागले की बाकी ८ उरते, ड्रॅगन. १९८१ ला बाकी १, कोंबडा, आणि चीनची सोन्या-चांदीची राशिमालिका सुरू झाली ती याच कोंबड्यापासून. साल आणि प्राणी जुळत नसतील तर तीन शक्यता उरतात. एक, साल नाणे पाडल्याचे आहे, राशीच्या वर्षाचे नाही. दोन, वस्तू राशीची नाहीच. तीन, नकली नाणे करणाऱ्याला भागाकार येत नव्हता. हे तुम्हाला वाटते त्याहून जास्त वेळा घडते.

चिनी नववर्ष २१ जानेवारी ते फेब्रुवारीचा तिसरा आठवडा यांच्या दरम्यान येते, २०२४ मध्ये ते १० फेब्रुवारीला होते. त्यामुळे जानेवारीतील जन्मतारखेवरून भेट दिलेल्या पदकावर एक प्राणी मागचा दिसू शकतो, आणि तो बरोबरच असतो. जपानने मात्र १८७३ मध्ये पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारल्यापासून तिथे प्राणी १ जानेवारीलाच बदलतो, आणि तेथील शेवटचा प्राणी पाळीव डुक्कर नसून रानडुक्कर असतो. व्हिएतनाममध्ये सशाच्या जागी मांजर आणि बैलाच्या जागी रेडा आहे. राशीच्या वस्तूवर मांजर दिसले की चीनमध्ये शोधत बसू नका.

तैवानच्या नाण्यावर साल प्रजासत्ताकाच्या गणनेत असते, त्यात १९११ मिळवले की इसवी सन निघतो. ११३ म्हणजे २०२४. सालच नसेल आणि दोनच मोठी चिनी अक्षरे असतील तर ती साठ वर्षांच्या चक्रातील वर्षाचे नाव सांगतात. आपल्या पंचांगात प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरे आहेत, तसाच हा प्रकार आहे, फक्त इथे नाव दोन तुकड्यांचे असते: पहिला तुकडा दहांपैकी एक, दुसरा बारांपैकी एक. पहिला तुकडा इसवी सनाच्या शेवटच्या अंकाशी बांधलेला आहे. उदाहरणार्थ, ४ ने संपणाऱ्या प्रत्येक सालाचे पहिले अक्षर ‘जिआ’ असते आणि ते चार घरांच्या चौकटीला खाली शेपूट फुटावे तसे दिसते. ड्रॅगनच्या पदकावर हे अक्षर असेल तर ते १९६४ किंवा २०२४ चे. १९७६, १९८८, २००० आणि २०१२ बाद. असे एकेक वर्ष गळत जाते.

ड्रॅगन असूनही राशीचा नसलेला

सर्वांत जास्त गोंधळ घालणारा प्राणी ड्रॅगन आहे, आणि त्याचे कारण राशीशी संबंधित नाही. छिंग राजवटीच्या शेवटी, १८८९ च्या सुमारास क्वांगतुंग प्रांतापासून यंत्रावर चांदीचे डॉलर पाडायला सुरुवात झाली, आणि त्यांच्यावर ड्रॅगन आहे तो सम्राटाचे चिन्ह म्हणून. भोवती रोमन लिपीत प्रांताचे नाव आणि ‘७ मेस २ कँडरीन’ असे वजन लिहिलेले असते. हे साधारण २७ ग्रॅम भरते. दर्शनी रूपावरून लोक याला ड्रॅगनच्या वर्षाचे नाणे समजतात. याच्या नकला इतक्या आहेत की खात्रीचा पूर्वेतिहास नसलेला प्रत्येक तुकडा नकली धरूनच तपासाला बसावे.

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत चिनी अक्षरांचे आणखी एक नाणे निघते, ज्यावर प्राणी नसतोच. उभी ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक असलेली स्त्री, हातात त्रिशूळ, मागे चिनी आणि अरबी वळणाच्या मलायी लिपीत ‘एक डॉलर’. हा ब्रिटिश व्यापारी डॉलर, १८९५ पासून पूर्वेकडच्या व्यापारासाठी काढलेला, वजन २६.९५ ग्रॅम. त्रिशुळाच्या मधल्या टोकावर भिंगाने पाहिल्यास बारीक ‘बी’ दिसतो. तो मुंबई टांकसाळीचा, म्हणजे चिनी वाटणारे हे नाणे पाडलेले असते आपल्याच फोर्ट भागात.

धातूची परीक्षा

सोने, चांदी, तांबे आणि पितळ चुंबकाला चिकटत नाहीत. चिकटले तर आत लोखंड किंवा निकेल आहे. न चिकटणे मात्र काहीच सिद्ध करत नाही, कारण चांदीचा मुलामा दिलेले पितळही चिकटत नाही. खरी परीक्षा घनतेची. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणावा, नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असे धरावे, आणि काट्यावर दिसणाऱ्या आकड्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागावे. ३१.१ ग्रॅमच्या नाण्याला आकडा २.९७ आला तर उत्तर सुमारे १०.५ येते, ही शुद्ध चांदीची घनता. ३.६ आला तर उत्तर ८.६, म्हणजे पितळ. २२ कॅरट सोन्याचे उत्तर १७.५ च्या वर यायला हवे. जुन्या मालिकांतील चांदी नेहमीच शुद्ध नसते, चीनचे १९८१ चे १५ ग्रॅमचे तीस युआन ८५० टंचाचे, म्हणजे हजारात ८५० भाग चांदीचे आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे कमी आले तर घाबरू नये. प्रूफ नाण्यावर आणि बंद डबीतल्या नाण्यावर हा प्रयोग करू नका.

एक उदाहरण

आमच्या इमारतीतील एक काकू परवा रुमालात बांधून एक नाणे घेऊन आल्या. मुलाने शांघायहून आणलेले, आत एका रंगाचा धातू, भोवती दुसऱ्या रंगाची कडी, आणि वर वाघ. “सोन्याचं असेल का रे कडं?” हा पहिला प्रश्न. कॅलिपरने व्यास भरला २७ मिलिमीटर. मागच्या बाजूस दहाचा आकडा, त्याखाली रोमन लिपीत ‘शी युआन’, आणि २०२२. चिनी अक्षरे मोजली, सहा, आणि पहिले चौकट-रेघेचे. म्हणजे मध्यवर्ती बँक. २०२२ ला १२ ने भागून बाकी ६, वाघ, जुळले. चीनने २००३ च्या बोकडापासून २०१४ च्या घोड्यापर्यंत एक युआनची पितळी राशिनाणी चलनात आणली आणि २०१५ पासून दोन धातूंची दहा युआनची. काकूंचे त्यातलेच निघाले. तांब्याच्या मिश्रधातूंचे, लाखोंनी पाडलेले, दर्शनी मूल्याच्या आसपास किमतीचे. काकू थोड्या हिरमुसल्या, पण नातवाचा जन्म २०२२ चा असल्याने नाणे देवघरात गेले.

किंमत पाहताना विकत घेणाऱ्याने प्रत्यक्ष दिलेली रक्कम शोधावी, विकणाऱ्याने मागितलेली नव्हे. न्युमिस्टासारख्या संकेतस्थळावर वजन-व्यासाच्या नोंदी ताडून पाहाव्यात, आणि नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या एनजीसी किंवा पीसीजीएस या संस्थांच्या सीलबंद डब्यांचीही नक्कल होते हे लक्षात ठेवून त्यांवरील क्रमांक त्या संस्थांच्या संकेतस्थळावर तपासावा. तुकडा शंभर वर्षांहून जुना ठरला, तर १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार तो पुरावस्तूत मोडतो आणि खासगी व्यक्तीला तो परदेशी पाठवता येत नाही.

शेवटी नाणे मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्याने काही वर्षांत हिरवा चिकट थर चढतो. कागदी पाकीट घ्या आणि त्यावर आधी पेन्सिलने लिहून मगच नाणे आत सरकवा: वजन, व्यास, ओतीव की पाडलेले, अक्षरांची संख्या, साल, कोणाकडून मिळाले. देश निश्चित झाला नसेल तर ती जागा रिकामी सोडा. माझ्याकडच्या एका पाकिटावर ती सात वर्षे रिकामी आहे, आत १८.४ ग्रॅमचे एक माकड आहे, हातात पीच घेतलेले.